सागरी गाळातील समस्थानिकांचा अर्थनिर्णय : एक चिकित्सा

प्रास्ताविक

इतिहास, भूगोल व पुरातत्त्व या विषयांच्या लेखनात समुद्रतळाच्या गाळाचा हवाला देण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. अमुक काळी मान्सून क्षीण झाला, तमुक शतकात अवर्षण पडले, अशी विधाने केली जातात आणि पुराव्यादाखल एखाद्या गाळस्तंभाचा, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्याचा, आलेख जोडला जातो. हा आलेख प्रयोगशाळेतून आलेला असल्यामुळे सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना तो निर्विवाद वाटतो. वस्तुतः गाळ आणि ते विधान यांच्यामध्ये अर्थनिर्णयाच्या चार-पाच पायऱ्या असतात व त्यांपैकी प्रत्येक पायरीवर काही ना काही गृहीत धरलेले असते. समस्थानिक-पद्धतीची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते काम पाठ्यपुस्तके करतात. या पद्धतीच्या इतिहासातील काही मोजके निबंध चिकित्सकपणे वाचावेत आणि मोजलेला आकडा कोठे संपतो व लेखकाचा अर्थ कोठे सुरू होतो, ही सीमारेषा शोधावी, एवढाच हेतू आहे.

पद्धतीमागील गृहीतक

समुद्राच्या पाण्यातील प्राणवायूचे बहुतांश अणू १६ वस्तुमानाचे असतात. सुमारे पाचशेत एक अणू १८ वस्तुमानाचा असतो. फोरॅमिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव या पाण्यातून चुनखडीचे कवच बांधतात. पाणी जितके थंड, तितका कवचात जड प्राणवायूचा वाटा किंचित अधिक, हे हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये सैद्धांतिक गणिताने दाखविले. शिकागो येथील त्यांचे सहकारी सॅम्युएल एप्स्टाइन आदींनी १९५३ मध्ये त्याचे समीकरण निश्चित केले. त्यानुसार कवचातील प्रमाण दर हजारी १ ने वाढले, तर पाणी स्थूलमानाने ४.३ अंश सेल्सिअसने थंड होते असे धरता येते. तत्पूर्वी १९५१ मध्ये याच गटाने स्कॉटलंडमधील स्काय बेटावरील ज्युरासिक काळातील एका बेलेम्नाइटच्या जीवाश्मातील वलयांवरून त्या प्राण्याने पाहिलेले उन्हाळे व हिवाळे मोजले होते. पंधरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे ऋतू एका दगडातून वाचता येतात, ही कल्पनाच त्या काळी थक्क करणारी होती आणि आजही आहे.

मात्र या समीकरणात अज्ञात राशी दोन आहेत. कवचातील प्रमाण हे तापमानावर अवलंबून असते, तसेच ज्या पाण्यात कवच बनले त्या पाण्याच्या स्वतःच्या घडणीवरही. मोजमाप एक आणि अज्ञात दोन, अशी ही स्थिती आहे. दुसरे अज्ञात गृहीत धरल्यावाचून पहिले सुटत नाही. अशा अप्रत्यक्ष निर्देशकाला इंग्रजीत 'प्रॉक्सी' म्हणतात. आपल्या महाविद्यालयांत हा शब्द हजेरीच्या संदर्भात सर्वपरिचित आहे. तेथे 'हजर' हा आवाज ऐकू येतो. तो कोणाचा, हे मात्र मान वर करून पाहावे लागते. समुद्रतळाच्या गाळाबाबत नेमकी हीच दक्षता हवी.

एमिलियानी यांचा निबंध

चेझारे एमिलियानी यांचा 'प्लाइस्टोसीन टेम्परेचर्स' हा निबंध १९५५ मध्ये 'जर्नल ऑफ जिऑलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला. इटलीतील बोलोन्या येथे शिकलेला हा भूवैज्ञानिक युरी यांच्या प्रयोगशाळेत आला तो फोरॅमिनिफेराचा जाणकार म्हणून. १९४७-४८ च्या स्वीडिश खोल-सागर मोहिमेत कुलेनबर्ग यांच्या दट्ट्याच्या यंत्राने प्रथमच दहा-पंधरा मीटर लांबीचे गाळस्तंभ न विस्कटता वर आणले होते. या व अन्य स्तंभांतील कवचे एमिलियानींनी थरागणिक तपासली. त्यांच्या आलेखात थंड व उबदार काळांची लय स्वच्छ दिसली. उबदार टप्प्यांना विषम व थंड टप्प्यांना सम क्रमांक देऊन त्यांनी एकूण चौदा टप्पे नोंदविले. पेंक व ब्रुकनर यांनी १९०९ मध्ये आल्प्सच्या अभ्यासातून मांडलेली चार हिमयुगांची व्यवस्था तोवर पाठ्यपुस्तकांत जवळजवळ सिद्धांतासारखी नांदत होती. जमिनीवर प्रत्येक नवी हिमनदी जुन्या हिमनदीच्या खुणा पुसते. समुद्रात मात्र गाळ गाळावर साठत जातो. हा फरक एमिलियानींनी ओळखला आणि चाराची चौकट मोडली. निबंधाचे थोरपण येथे आहे.

निबंधाच्या शीर्षकात मात्र 'तापमान' हा शब्द आहे, आणि खरी अडचण त्या शब्दातच आहे. हिमयुगात समुद्राचे पाणी बाष्प होऊन हिमस्तरांत अडकते. बाष्पात हलका प्राणवायू अधिक असल्यामुळे मागे उरलेला समुद्र जड होतो. हे एमिलियानींना माहीत होते व त्यांनी त्यासाठी सुधारणाही केली. सुधारणा किती करावयाची, हे हिमस्तरांतील बर्फ किती हलके होते यावर ठरणार होते. त्यांनी तो आकडा दर हजारी उणे १५ असा धरला.

या एका आकड्याचे परिणाम साध्या गणिताने पाहता येतात. हिमयुगाच्या परमोच्च काळी समुद्रपातळी सुमारे १२० मीटर खाली होती, म्हणजे समुद्राचे स्थूलमानाने ३ टक्के पाणी जमिनीवर बर्फरूपाने होते. बर्फ उणे १५ धरल्यास समुद्र दर हजारी ०.४५ ने जड होतो. एमिलियानींनी जवळपास तेवढेच, ०.४, धरले. कॅरिबियन समुद्रातील कवचांत एकूण फरक दर हजारी पावणेदोनच्या आसपास होता. त्यातून ०.४ वजा करून उरलेल्याला ४.३ ने गुणले की सुमारे ६ अंशांची घट मिळते, आणि नेमकी हीच घट निबंधात आहे. आता बर्फ उणे ३५ धरून पाहावे. समुद्राचा वाटा १.०५ होतो, तापमानासाठी ०.७ उरतो आणि उष्ण कटिबंधातील समुद्र अवघा ३ अंशांनी थंड होतो. कवचे, यंत्र व समीकरण तेच असूनही केवळ एका गृहीत आकड्याने उष्ण कटिबंधाचे हिमयुग निम्मे सौम्य होते.

एमिलियानींवर येथे निष्काळजीपणाचा आरोप करता येणार नाही. १९५५ मध्ये हिमस्तरांच्या खोल भागातील बर्फ कोणी मोजलेच नव्हते. ग्रीनलंडमधील खोल बर्फाचे विश्लेषण झाल्यावर डान्सगार्ड व टाउबर यांनी १९६९ मध्ये दाखविले की हिमयुगातील बर्फ उणे ३० किंवा त्याहून हलके असले पाहिजे व एमिलियानींच्या आलेखातील किमान ७० टक्के चढउतार बर्फाचा आहे. आक्षेप घ्यावयाचा तर तो दोन गोष्टींना. गृहीतकाचा आकडा निबंधात स्पष्ट असूनही शीर्षकात व आलेखाच्या उभ्या अक्षावर तो अंतर्धान पावतो. तेथे निखळ अंश सेल्सिअस उरतात. आणि नवा पुरावा पुढे आल्यानंतरही एमिलियानी आपल्या तापमानाला दीर्घकाळ चिकटून राहिले.

शॅकलटन यांचे पुनर्वाचन

केंब्रिजचे निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये 'नेचर'मध्ये या निबंधाचे केलेले पुनर्मूल्यमापन आकाराने लहान, पण युक्तिवादाच्या दृष्टीने अत्यंत देखणे आहे. एमिलियानींची मुख्य साक्ष पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या जातींची होती. शॅकलटननी तळाशी राहणारे फोरॅमिनिफेरा घेतले. हे जीव गाळात विरळ असतात, म्हणून अत्यल्प नमुन्यावर चालेल असे मास स्पेक्ट्रोमीटर त्यांनी स्वतः सुधारून घेतले. खोल समुद्राचे पाणी आजच गोठणबिंदूपासून थोड्याच अंशांवर आहे. ते फारसे थंड होऊच शकत नाही. तरीही तळाच्या कवचांतील चढउतार पृष्ठभागावरच्या कवचांइतकाच भरला. तेव्हा हा चढउतार मुख्यतः पाण्याच्या घडणीचा, म्हणजेच जमिनीवरील बर्फाच्या आकारमानाचा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

साहित्यसमीक्षेत संहिता तीच राहून तिचा अर्थ बदलल्याची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत. येथे तसेच घडले. एमिलियानींचा वक्र जवळपास जसाच्या तसा राहिला, त्यांचे टप्प्यांचे क्रमांक आजही जगभर वापरले जातात. फक्त उभ्या अक्षावरील नाव बदलले. गंमत अशी की या बदलाने आलेखाचे मोल कमी न होता वाढले. तापमान ठिकठिकाणी वेगळे असते. बर्फामुळे होणारा पाण्यातील बदल मात्र हजार-दीड हजार वर्षांत साऱ्या महासागरांत मिसळतो. म्हणून वक्र सर्वत्र जुळतो आणि कालगणनेचे साधन बनतो. शॅकलटन व ऑपडाइक यांनी १९७३ मध्ये पश्चिम प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील व्ही २८-२३८ या स्तंभात पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या उलथापालथीची खूण एकोणिसाव्या टप्प्यात सापडल्याचे दाखविले. त्यामुळे एमिलियानींनी सुमारे तीन लाख वर्षांत बसविलेले चौदा टप्पे पाच लाखांहून अधिक वर्षांवर पसरले. त्यानंतर हेज, इम्ब्री व शॅकलटन यांनी १९७६ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील दोन स्तंभांच्या आधारे हिमयुगांची लय पृथ्वीच्या कक्षेतील बदलांशी जोडली.

तथापि शॅकलटन यांचा निबंधही अंतिम शब्द मानता येत नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकी कथनात हाच भाग गळतो. 'एमिलियानी चुकले, शॅकलटननी दुरुस्त केले' अशी सुबक गोष्ट सांगितली जाते. खोल पाणी थंड होण्यास वाव अल्प आहे, हे खरे. पण तो वाव शून्य नाही. श्रॅग व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गाळाच्या छिद्रांत अडकून राहिलेले हिमयुगाचे पाणीच शोधून मोजले. पाण्याच्या घडणीतील बदल दर हजारी सुमारे १.० भरला. तळाच्या कवचांतील एकूण फरक मात्र १.७ च्या घरात आहे. उरलेला भाग खोल पाण्याच्या थंडीचा, आणि हिमयुगातील खोल समुद्र खरोखरच गोठणबिंदूच्या काठावर होता, हे २००२ मध्ये ॲडकिन्स, मॅकिन्टायर व श्रॅग यांनी दाखविले. म्हणजे दुरुस्तीकारानेही एक राशी जवळजवळ स्थिर धरली होती. ती एमिलियानींच्या राशीहून वेगळी होती, एवढेच. हा घोळ सुटला तो अधिक कुशाग्र युक्तिवादाने नव्हे, तर दुसरे अज्ञात स्वतंत्रपणे मोजल्यामुळे. कवचातील मॅग्नेशियमचे प्रमाण तापमानासाठी वेगळे मोजण्याची रीत १९९० च्या दशकापासून रूढ झाली, तीही याच गरजेपोटी.

गाळाची स्वतःची करामत

येथे एका सामान्य गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. खुल्या महासागरात हजार वर्षांत साधारण दोन सेंटिमीटर गाळ साठतो आणि तळावरील किडे वरचे आठ-दहा सेंटिमीटर सतत उकरत असतात. परिणामी अशा स्तंभातील प्रत्येक थर ही काही हजार वर्षांची सरासरी असते. हिमयुगांसाठी ती चालते. शतकांच्या इतिहासासाठी निरुपयोगी ठरते. नदीमुखाजवळ, किंवा तळाशी प्राणवायू नसल्याने किडे जगत नाहीत अशा ठिकाणी, थर सुस्पष्ट राहतात. अरबी समुद्राचे महत्त्व याच कारणाने आहे.

अरबी समुद्र : वारा की पाऊस?

नैर्ऋत्य मान्सूनचे वारे ओमान व सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वाहतात, तेव्हा पृष्ठभागाचे पाणी दूर ढकलले जाऊन खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. अशा पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडीस ही जात माजते. गाळातील तिची टक्केवारी म्हणजे मान्सूनचे बळ, असे समीकरण त्यातून रूढ झाले. अनिल गुप्ता, अँडरसन व ओव्हरपेक यांनी २००३ मध्ये ओमानजवळच्या स्तंभावरून गेल्या दहा-अकरा हजार वर्षांचा इतिहास मांडला. त्यात आरंभीच्या होलोसीन काळातील प्रबळ मान्सून पुढे उत्तरोत्तर क्षीण होताना दिसतो व उत्तर अटलांटिकमधील थंड काळांशी त्याच्या दुर्बल टप्प्यांची सांगड घातलेली आहे. निबंध काळजीपूर्वक लिहिलेला आहे. परंतु तेथे मोजला गेला तो ओमानच्या किनाऱ्यावरचा वारा. 'मान्सून' हा शब्द वारा व पाऊस या दोहोंसाठी वापरला जात असल्यामुळे वाचक नकळत ओमानच्या वाऱ्यावरून कोकणच्या पावसाकडे सरकतो.

ही शंका निराधार नाही. ए. सरकार, आर. रमेश, बी. एल. के. सोमयाजुलु व सहकाऱ्यांनी २००० मध्ये पूर्व अरबी समुद्रातील स्तंभाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम घाटाचा पाऊस या भागात गोडे पाणी आणून सोडतो, त्यामुळे येथील समस्थानिके क्षारतेचा, पर्यायाने पावसाचा मागोवा देतात. त्यांना आढळले की दहा हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान बाष्पीभवन व पर्जन्य यांतील तफावत हळूहळू घटत गेली. म्हणजे पाऊस बहुधा वाढत गेला. एकाच समुद्राच्या पश्चिम काठावर मान्सून क्षीण होतो आणि पूर्व काठावर त्याच काळात तो वाढतो! दोहोंपैकी एक निबंध चुकीचा मानण्याची गरज नाही. दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत. मात्र 'अरबी समुद्रातील गाळावरून मान्सून दुर्बळ झाल्याचे सिद्ध झाले' हे घाऊक वाक्य दोन्ही निबंध एकत्र वाचणाऱ्यास लिहिता येणार नाही.

सिंधू संस्कृतीच्या अस्ताशी जोडला जाणारा निबंध स्टाउबवासर व सहकाऱ्यांचा, तोही २००३ चा. कराचीजवळ, सिंधूच्या त्रिभुज प्रदेशासमोर घेतलेल्या स्तंभातील तरंगत्या कवचांत ४२०० वर्षांपूर्वी ठळक बदल दिसतो. लेखकांनी त्याचा अर्थ सिंधूच्या विसर्गातील घट असा लावला व नागर हडप्पा संस्कृतीच्या अंताशी ही घटना सुसंगत असल्याचे म्हटले. 'सुसंगत' हा शब्द त्यांनी सावधपणे योजला आहे. मात्र निबंधाच्या शीर्षकातच संस्कृतीचा अंत ४२०० वर्षांपूर्वी ठेवलेला आहे, आणि पुढील उद्धरणांत शीर्षकच अधिक टिकले.

कालगणनेची बाब प्रथम घेऊ. अशा लेखनात 'वर्षांपूर्वी' हे १९५० पासून मोजतात. तेव्हा ४२०० वर्षांपूर्वी म्हणजे इ. स. पू. सुमारे २२५०. नागर हडप्पा टप्पा पुरातत्त्वज्ञ सर्वसाधारणपणे इ. स. पू. २६०० ते १९०० असा मानतात. म्हणजे विसर्ग घटला तेव्हा नगरे पूर्ण भरात होती व त्यानंतर सुमारे साडेतीन शतके ती नांदली. शिवाय सागरी कवचांच्या कार्बन-१४ कालमापनात समुद्रातील जुन्या कार्बनसाठी चारशे वा त्याहून अधिक वर्षांची वजावट करावी लागते, आणि जेथे खालचे पाणी वर येते तेथे ही वजावट काळानुसार बदलते. साडेतीन शतकांच्या अंतरावर कारण व कार्य जुळविताना ही अनिश्चितता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दुसरा प्रश्न विसर्गाचा. सिंधूत मान्सूनचे पाणी असते, तसे हिमालयातील हिमाचे आणि हिवाळी पश्चिमी विक्षोभांचेही असते. घटले ते कोणते? कवच त्याचे उत्तर देत नाही. लिव्हिऊ जोसान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नदीखोऱ्यांच्या भूरूपांवरून आणि २०१८ मध्ये पुन्हा सागरी गाळावरून जे चित्र रेखाटले, त्यात उन्हाळी पूर मंदावतात, हिवाळी पाऊस काही काळ वाढतो आणि वस्ती पूर्वेकडील लहान गावांत विखुरते. त्यांनी वापरलेला शब्द रूपांतर असा आहे, विनाश नव्हे. दीक्षित, होडेल व पेट्री यांनी २०१४ मध्ये हरियाणातील कोटला दाहर येथील प्राचीन सरोवराच्या शंखांतून ४१०० वर्षांपूर्वीचा उन्हाळी मान्सूनचा ऱ्हास दाखविला. तो पुरावा प्रत्यक्ष वस्तीच्या प्रदेशाजवळचा असल्याने, माझ्या मते, सागरी स्तंभाहून या प्रश्नासाठी अधिक मोलाचा आहे.

गोदावरीचे मुख आणि दख्खनची गावे

महाराष्ट्रातील अभ्यासकांना जवळचा वाटावा असा निबंध पाँटन, जोसान व सहकाऱ्यांचा, २०१२ चा आहे. गोदावरीच्या मुखासमोरील स्तंभात त्यांनी कवचांच्या जोडीला वनस्पतींच्या पानांवरील मेण तपासले. या मेणातील कार्बनच्या समस्थानिकांवरून खोऱ्यात वृक्ष अधिक होते की कोरड्या हवेत तगणारे गवत, हे कळते. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून गवताचा वाटा वाढू लागतो, १७०० वर्षांपूर्वीपर्यंत तो क्रमाक्रमाने वाढतच जातो आणि पुढे टिकून राहतो. लेखक सुचवितात की या शुष्कतेमुळेच मध्य व दक्षिण भारतात स्थिर शेतीचा प्रसार झाला असावा.

सिंधूच्या खोऱ्यात जी शुष्कता नगरे ओस पाडणारी म्हणून सांगितली जाते, तीच गोदावरीच्या खोऱ्यात गावे वसविणारी ठरते. दोन्ही अर्थ शक्य आहेत; पण ते गाळातून आलेले नाहीत. ते लेखकांनी समाजाविषयी आधीच बाळगलेल्या कल्पनांतून आले आहेत.

शिवाय मेण पाठविणारा प्रदेश सर्व काळ तोच राहिला का? गोदावरीचे खोरे तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठे आहे. जोसान व सहकाऱ्यांच्याच २०१७ च्या निबंधानुसार होलोसीनच्या उत्तरार्धात या स्तंभातील गाळ अधिकाधिक दख्खनच्या बसाल्टी पठारावरून येऊ लागला, कारण तेथील वनस्पतींचे आच्छादन विरळ होऊन धूप वाढली. पठाराचा पर्जन्यछायेतील भाग मुळातच गवताळ आहे. मग मेणातील बदलाचा किती भाग हवामानाचा आणि किती गाळाचे उगमस्थान सरकल्याचा? एमिलियानींनी बर्फाचा आकडा स्थिर धरला होता. येथे खोऱ्याचा आतला वाटा स्थिर धरला जाण्याचा धोका आहे. हा प्रश्न त्याच गटाच्या संशोधनामुळे विचारता येतो, हे त्यांच्या श्रेयात नोंदविले पाहिजे.

आता म. के. ढवळीकर यांच्या मांडणीकडे वळू. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या इनामगावच्या उत्खननावरून त्यांनी आद्य जोर्वे वस्तीचा इ. स. पू. १००० च्या सुमारास झालेला ऱ्हास वाढत्या शुष्कतेशी जोडला. उत्तर जोर्वे काळातील लहान गोल झोपड्या, घटलेली शेती आणि शिकारीवरील वाढता भर हा त्यांचा मुख्य आधार. गोदावरीच्या स्तंभाने ही मांडणी सिद्ध झाली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. इनामगाव घोड नदीच्या काठी आहे व घोडचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते. ते गोदावरीच्या मुखाशी कधीच पोहोचत नाही. जोर्वे, दायमाबाद व नेवासे ही प्रवरेकाठची स्थळे मात्र गोदावरीच्या खोऱ्यात येतात. दुसरे असे की इ. स. पू. १००० म्हणजे सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा काळ. स्तंभात तेथे स्वतंत्र पायरी नाही. ४००० ते १७०० वर्षांपूर्वीच्या सलग उताराचा तो एक बिंदू आहे. इनामगावातील बदल त्यामानाने झपाट्याने झालेला दिसतो. हळू उतारावर एखादे गाव एकाएकी का कोसळते, याचे स्पष्टीकरण जमिनीचा कस, लोकसंख्या, गुरांची चराई किंवा व्यापार यांतही असू शकेल.

आद्य जोर्वे काळातील इनामगावात नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी खोदलेला पाट व त्यालगतचा दगडमातीचा बांध सापडला आहे. ढवळीकरांच्या मांडणीत हा काळ समृद्धीचा आहे. पाट समृद्धीतून खोदला की पाऊस बेभरवशाचा होऊ लागल्यानंतर, हे गोदावरीच्या मुखातील मेणावरून ठरणार नाही. त्यासाठी इनामगावातीलच धान्य, गुरांचे दात आणि पाटात साठलेला गाळ थरागणिक तपासावा लागेल, आणि भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातील पुरावा त्याच्या शेजारी ठेवावा लागेल.